हिरवळीवर खूण राहत नाही

लग्न होऊन मी कलकत्त्याला आले तेव्हा मला स्पेन कुठे आहे ते माहीत नव्हतं, अजूनही नकाशात पटकन दाखवता येणार नाही, सातवीतच शाळा सुटली माझी. पण त्या देशातला एक टेनिस खेळणारा माणूस सामन्याच्या आधी काय खातो, कुठल्या खांद्यात त्याला कळ येते, हरल्यावर तो कसा हसतो, हे मला माझ्या सख्ख्या मामांपेक्षा जास्त माहीत होतं. कारण हे. म्हणजे माझे मिस्टर.

हे बँकेत. बदलीवर कलकत्त्याला आलेले. आम्ही बागबाजारात एका बंगाली घरात वरच्या मजल्यावर राहायचो, खाली घरमालक, त्यांची बायको आणि त्यांचा धाकटा मुलगा. घरमालकीणबाईंना मी मासिमा म्हणायची. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "बर्गी आले गं बाई घरात, आता भांडीकुंडी लपवायला हवीत." मला काही कळेना, मी रडायलाच लागले, मग ह्यांनी समजावलं की कधी काळी मराठे इथवर लुटायला आले होते, त्यांना बर्गी म्हणायचे, आणि त्यांना अडवायला इथल्या लोकांनी खणलेला खंदक ह्याच आपल्या भागातून सुरू व्हायचा. म्हणजे थट्टा होती. मासिमा चांगल्या होत्या. मुलगी झाली तेव्हा चाळीस दिवस माझं अंग त्यांनीच चोळलं.

तर तो स्पेनचा माणूस. ह्यांनी लहानपणी सांगलीला जिमखान्यात टेनिस खेळलेलं, पुढे जमलं नाही, पण वेड गेलं नाही. संध्याकाळी रेडिओला कान लावून बसायचे, आतून नुसती खरखर यायची, आणि मधेच ओरडायचे, "जिंकला!" मी पोळ्या लाटता लाटता विचारायची, "कोण, तुमचा तो?" मग सुरू व्हायचे. त्याची आई म्हणे तिथल्या एका क्लबातले टॉवेल धुवायची. हा पोरसवदा असताना कोर्टावर झाडू मारायचा, पाणी शिंपायचा, आणि मोठे लोक जेवायला गेले की भिंतीवर चेंडू मारत बसायचा. शाळा माझ्यासारखीच अर्धी. हे ऐकून मला तो आवडायला लागला, खरं सांगते. टॉवेल धुणाऱ्या बाईचा मुलगा मोठा होऊन विमानानं जगभर फिरतो, आणि आपल्याला सियालदह स्टेशनच्या गर्दीत एकटीनं जायची भीती वाटते.

हे सांगायचे की त्याच्या देशात लाल मातीवर खेळतात. मातीवर चेंडू पडला की त्याची खूण राहते, वाद झाला तर जाऊन बघायचं, चेंडू रेषेच्या आत होता की बाहेर. आणि ह्या माणसाची एक सवय होती. आपलाच चेंडू बाहेर पडलेला दिसला, की पंचानं काहीही म्हणो, हा स्वतः चालत जायचा, रॅकेटनं खूण दाखवायचा आणि बुटानं पुसून टाकायचा. म्हणजे विषय संपला, पॉइंट समोरच्याचा. मग तो इंग्लंडात हिरवळीवर खेळायला गेला तर सुरुवातीची कितीतरी वर्षं नुसता हरत होता. हिरवळीवर चेंडू वर उसळत नाही, सरपटतो. आणि खूण राहत नाही. रेषेला लागला तर थोडा चुना उडतो, तो ज्यानं पाहिला त्यानं पाहिला. पण हा शिकला, एकदा तर तिथे अगदी शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला आणि तिथे हरला. त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी पोटुशी होते, मी मात्र जेवले. मला भूक फार लागायची.

नंतर टेनिसमधले नियम बदलले, पैसे घेऊन खेळणारे आणि न घेता खेळणारे एकत्र खेळू लागले, हाही पैसे घेऊन खेळू लागला. पण तोवर खांदा गेलेला. मग हिवाळ्यात तो असा दूरदूरच्या गरम देशांत खेळायला जायचा. आणि एक वर्ष हे बँकेतून धावत आले, जिना चढताना धाप लागलेली, "अगं, तो इथे येतोय! कलकत्त्याला!"

तेव्हाचं कलकत्ता कसं होतं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना कसं सांगू. भिंती क्रांती करायला निघालेल्या पोरांच्या काळ्या लाल अक्षरांनी भरलेल्या, त्यांचा सगळा राग पोलिसांवर. कॉलेजं बंद. दुपारी दूध घ्यायला खाली उतरलं तर गल्ली एकदम रिकामी व्हायची, दुकानाच्या फळ्या खाली यायच्या, मग लांबून धुप्प असा आवाज. त्याला पेटो म्हणत, दोरीनं आवळून बांधलेला गावठी बॉम्ब. मुलगी आवाजानं दचकायची सुद्धा नाही, तिला वाटायचं जगात असंच असतं. मला मात्र सारखं वाटायचं, हे आज संध्याकाळी येतील का. बसचा थांबा आमच्या गच्चीवरून दिसायचा. मी पोरीला कडेवर घेऊन तिथे उभी राहायची, आणि ह्यांचं डोकं दिसलं की मग भाताला आधण ठेवायची.

पण टेनिस चालू होतं. नवल वाटतं आता. हिवाळ्यात तिकडे शहराच्या दक्षिणेला क्लबाच्या हिरवळीवर सामने व्हायचे, आणि रेषेवर बसायला ते लोक बँकांतले, ऑफिसातले टेनिस कळणारे लोक बोलवायचे. त्यांना लाइन्समन म्हणतात. हे दर वर्षी जायचे. पांढरी पँट, पांढरा शर्ट, मी आदल्या दिवशी नीळ घालून ठेवायची. खुर्चीवर बसून एकाच रेषेकडे बघत राहायचं. चेंडू बाहेर गेला तर ओरडून हात बाजूला करायचा. आत असेल तर ओरडायचं नाही, दोन्ही तळहात जमिनीकडे पालथे धरायचे. आणि मधे कुणी आलं, दिसलंच नाही, तर दोन्ही हातांनी आपले डोळे झाकायचे. म्हणजे, मला विचारू नका, मी पाहिलं नाही. हे मला घरी करून दाखवायचे आणि मुलगी खदखदून हसायची, तिला तो बुवाकुकचा खेळ वाटायचा.

"आमच्या कामात एकच पाप," हे म्हणायचे. "दिसलं असताना डोळे झाकणं."

त्या स्पेनवाल्याचा सामना बघायला ह्यांनी मला पास आणून दिले. दोन. एकटी कशी जाणार, म्हणून खालचा मासिमांचा मुलगा बरोबर आला. मी त्याला ठाकुरपो म्हणायची, बंगालीत दिराला तसं म्हणतात, तो मला बौदी म्हणायचा. असेल वीस-एकवीसचा. कॉलेज बंद म्हणून घरातच असायचा, मुलीला खांद्यावर घेऊन गल्लीभर फिरवायचा, ती आईआधी "काकू" म्हणायला शिकली, तिथे काकाला काकू म्हणतात. सबंध रस्ताभर ट्राममध्ये त्यानं तिला मांडीवर घेतलं होतं.

मला खेळातलं काही कळलं नाही. तो माणूस फोटोतल्यापेक्षा बुटका होता, आणि दमलेला. खांद्याला पट्टा बांधलेला. समोर आपल्या देशाचा खेळाडू, तरुण, उंच. सगळे लोक आपल्या खेळाडूच्या बाजूचे. मी मात्र मनातून त्या टॉवेलवालीच्या मुलाच्या बाजूनं. तास गेले. शेवटी असं झालं की हा एक पॉइंट आपल्या खेळाडूला मिळाला तर सामना संपला, आणि त्या पॉइंटला स्पेनवाल्यानं एक चेंडू असा कोपऱ्यात मारला, की तो नेमका ह्यांच्या रेषेपाशी आला आणि नेमका तेव्हाच आपला खेळाडू धावत ह्यांच्या समोरून गेला.

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. ह्यांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले.

काय ओरडले लोक! आमच्या मागून एक जण, "ओ दादा, मोतीबिंदू काढून घ्या!" दुसरा, "चष्मा द्या रे त्यांना कुणीतरी, माझा द्या!" माझे कान गरम झाले, मला वाटलं आता ह्यांना मारतात की काय. उंच खुर्चीवरच्या पंचाला पण दिसलं नव्हतं. तो म्हणत होता की पॉइंट पुन्हा खेळा. आणि तेवढ्यात तो स्पेनवाला जाळीला वळसा घालून चालत पलीकडे आला, ह्यांच्या खुर्चीपाशी, रॅकेटचं टोक रेषेच्या बाहेर वीतभर टेकवलं, आणि तिथे बुटानं गवत पुसलं. खूण नव्हतीच, हिरवळीवर कुठली खूण. पण त्यानं पुसली. मग ह्यांच्याकडे बघून जरासा हसला आणि समोरच्याशी हात मिळवायला गेला. हरला.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ठाकुरपो बसून होता, मुलगी त्याच्या मांडीवर झोपलेली. तो म्हणाला, "बौदी, हा साधू आहे की वेडा?"

मी म्हटलं, "खरं बोलला बिचारा."

"उद्या सकाळी विमानात बसणार तो," ठाकुरपो म्हणाला. "बसेल, जाईल. खरं बोलून ज्याला इथून जाता येतं, त्यानं बोलावं."

हे त्यानंतर आठ दिवस हवेत होते. तो आपल्याकडे बघून हसला, आपल्याला दिसलं नव्हतं, आपण तसं सांगितलं, त्याला दिसलं होतं, त्यानं तसं सांगितलं, दोघांनी आपापलं काम चोख केलं. कुणी आलं की हीच गोष्ट. दूधवाल्याला सुद्धा सांगितली.

मग थंडी संपत आली तेव्हाची गोष्ट. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक हवालदार उभा असायचा, बिहारचा, पोट सुटलेला. चणे खायचा आणि त्यातले दोन माझ्या मुलीच्या मुठीत द्यायचा. सकाळची वेळ, हे गच्चीत खिडकीला आरसा टांगून दाढी करत होते, मी आत दुधापाशी. धुप्प झालं. पण ह्या वेळी लांब नाही. भांडी हलली. दूध उतू गेलं ते मी बघतच राहिले, मुलीला उचलायचं तेही सुचेना, ती आपली जमिनीवर बसून वाटी वाजवत होती.

हे आत आले. अर्ध्या तोंडाला साबण तसाच. दार लावलं, कडी घातली, मग परत वळून बघितलं, घातली ना.

मी म्हटलं, "काय झालं?"

"हवालदार," हे म्हणाले. साबण तोंडावर वाळून पांढरा पडला.

तो हवालदार दुपारी हॉस्पिटलात वारला असं खालून कळलं. त्याची बायको तिकडे गावाला असणार, तिला कधी कळलं असेल, मी अजून विचार करते. आणि समोरच्या घरातल्या म्हाताऱ्यानं पोलिसांना सांगितलं की तो मराठी बाबू गच्चीत उभा होता, त्यानं पाहिलं असणार.

हे त्या दिवशी बँकेत गेले नाहीत. ठाकुरपो त्या दिवशी वर आला नाही. रोज यायचा, मुलगी दाराशी जाऊन "काकू, काकू" करत होती, तो आला नाही. चार-साडेचारला मासिमा आल्या. हातात खिरीची वाटी. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"तू मला लेकीसारखी," म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याची नजर फार चांगली, सगळे म्हणतात. पण दाढी करताना माणूस आरशात बघतो. आरशात स्वतःचंच तोंड दिसतं. नाही का गं?"

मी मान हलवली. वाटी घेतली. घेताना खीर पदरावर सांडली.

त्या गेल्यावर मी ह्यांच्याजवळ गेले. म्हटलं, "अहो, पोलीस येतील. सांगू नका."

"मी काय सांगायचं ते मला माहीत आहे."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं. बॉम्बची पिशवी कुणाच्या हातात होती ते पाहिलं. वरून स्वच्छ पाहिलं, मधे कुणी नव्हतं." मग आवाज चढला. "तो हवालदार आपल्या पोरीला चणे द्यायचा गं! तो माणूस स्वतःचा चेंडू स्वतः बाहेर दाखवतो, हरतो, आणि मी..."

"तो गेला विमानात बसून!" मी ओरडले, पण हळू, खाली ऐकू जाईल म्हणून. "त्याचा सामना संपला, तो गेला. आपल्याला ह्याच जिन्यानं उतरायचंय, ह्याच नळावर पाणी भरायचंय. बसच्या थांब्यापासून घरापर्यंत तुम्हाला रोज चालत यायचंय. तुम्हाला काही झालं तर ह्या पोरीला घेऊन मी कुठल्या गाडीत बसू, मला तिकिटाची खिडकी सुद्धा सापडत नाही!"

ह्यांनी पोरीकडे बघितलं. मग म्हणाले, "तुला तरी सांगतो. तो होता..."

मी ह्यांच्या तोंडावर हात ठेवला. घट्ट. ह्यांच्या दाढीचा राहिलेला अर्धा भाग माझ्या तळव्याला टोचत होता. मी म्हटलं, "मला नको. मला सांगितलंत तर माझ्या तोंडावर दिसेल. मला काही लपवता येत नाही, तुम्हाला माहीत आहे." ह्यांनी माझा हात काढला, पण नाव घेतलं नाही. मग कधीच घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पोलिसांचं कोंबिंग झालं. तो शब्द तेव्हा पोरासोरांना माहीत होता. गल्लीची दोन्ही टोकं बंद करायची, घराघरांतून तरुण मुलं बाहेर काढायची आणि भिंतीला उभी करायची. अकरा-बारा मुलं असतील, कुणी बनियनवर, कुणी चादर गुंडाळलेला. ठाकुरपो मधे कुठेतरी, पायात वडिलांच्या चपला. मासिमा दारात जमिनीवर बसलेल्या. काळी गाडी उभी. आणि एका शिपायानं येऊन ह्यांना खाली बोलावलं.

मी मुलीला घेऊन गच्चीत. मला आत जा म्हणाले होते, मी गेले नाही.

साहेब तरुण होता, नीटनेटका, आवाज मऊ. ह्यांना बघून म्हणाला, "अरे! आप तो वही लाइन्समन हैं ना? मी होतो त्या दिवशी. स्पेनवाल्याचा सामना. काय माणूस!" जसं काही चहाला भेटलेत. मग म्हणाला, "तुमचं कामच आहे बघणं. बघा. घाई नाही."

हे रांगेसमोरून चालले. एकेकासमोर थांबत. मी वरून ह्यांची मान बघत होते, मान कुठे वळते, कुठे थांबते. मला वाटत होतं की ह्यांना आत्ता खोकला यावा, चक्कर यावी, काहीही व्हावं. ह्यांना खोटं बोलता येत नाही हो. सासूबाईंनी केलेली आमटी खारट झाली तरी खारट म्हणतात. रांग संपली. ह्यांनी साहेबाकडे तोंड केलं.

आणि दोन्ही हातांनी डोळे झाकले.

माझ्या कडेवर मुलगी हसली. मोठ्यानं. तिला वाटलं बाबा बुवाकुक करतात. त्या सगळ्या शांततेत तिचं ते हसू, मी तिचं तोंड दाबलं, तर ती रडायला लागली.

साहेबाला कळलं. त्याला चांगलंच कळलं. तोही हसला. "अच्छा," म्हणाला. "लाइन्समनला दिसलं नाही. मग आता खेळाडूनं सांगायचं. त्या दिवशी तो आला होता ना स्वतः चालत?" मुलांकडे वळला. "है कोई?"

कुणी हललं नाही. मी बघत होते. खरं म्हणजे मी एकाकडेच बघत होते. ठाकुरपोनं मान खाली घातलेली, आणि त्याचा उजवा पाय, त्या मोठ्या चपलेतला, जमिनीवर मागे-पुढे, मागे-पुढे. पुसल्यासारखा. भीतीनं कुणाचाही पाय हलेल. थंडी पण होती.

"नाही? बरं," साहेब म्हणाला, आणि रांगेतल्या दोघांकडे बोट केलं. असंच. भाजी निवडतात तसं. ठाकुरपो त्यांच्यात नव्हता. त्या दोघांतला एक पंधरवड्यानं आला, त्याचा पाय पुन्हा सरळ पडला नाही. दुसरा ट्रामच्या कंडक्टरचा मुलगा. त्याची आई पुढे किती दिवस गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची, जिथे हवालदार उभा असायचा तिथेच.

हे वर आले आणि लाइन्समनचे ते पांढरे कपडे कपाटातून काढून ट्रंकेत घातले. पुढच्या हिवाळ्यात क्लबाचा माणूस बोलवायला आला, तर आतूनच सांगायला लावलं की घरी नाहीत. टेनिस संपलं. रेडिओ मी लावते, गाणी ऐकते.

आता आम्ही बेहालाला राहतो. ह्यांनी मागून बदली घेतली, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मला वाटलं सुटलो. पण ठाकुरपो येतो. दोन-तीन महिन्यांनी, रविवारी, दोन बस बदलून, हातात संदेश मिठाईचा खोका. आता नोकरी करतो, बारीक मिशी ठेवलीय. "बौदी, चहा टाका, बर्गींचा चहा प्यायला इतक्या लांबून आलो," असं म्हणतो आणि हसतो. चांगला हसतो. ह्यांच्या पाया पडतो. हे त्याच्या डोक्यावर हात ठेवतात आणि हात लगेच काढतात. मुलगी आता मोठी झालीय तरी त्याच्या खांद्यावर चढते, आणि तो तिला खाली तळ्याकडे फिरायला नेतो.

मागच्या रविवारी पेपरात चार ओळी आल्या होत्या की त्या स्पेनवाल्यानं खेळ सोडला. खांदा कायमचा गेला, आता आपल्या गावी मुलांना शिकवणार. हे त्या ओळी वाचून पेपर मांडीवर ठेवून नुसते बसले होते, तेवढ्यात ठाकुरपो आला. त्यालाही सांगितलं ह्यांनी. तो म्हणाला, "तो? वेडा साधू?" मग मुलीला म्हणाला, "चल, तळ्यावर बदकं बघू," आणि ती उडी मारून त्याच्या खांद्यावर, आणि गेले दोघं. जिन्यावरून तिचं हसणं ऐकू येत होतं.

मी दारातच उभी होते. इतकी वर्षं मी विचारलं नव्हतं. त्या दिवशी तोंडातून गेलंच.

"अहो, मला नाव नको. तेव्हाही नको होतं, आत्ताही नको. एवढंच सांगा. पोर त्याच्याबरोबर पाठवत जाऊ ना?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हात पालथे करतील, जमिनीकडे, आत आहे, ठीक आहे. मी त्या हातांकडेच बघत होते.

हात मांडीवरून उठले. वर आले. ह्यांनी डोळे झाकले.

मी चपला न घालता जिना उतरले, तळ्यापर्यंत धावत गेले.